मोडीतलं एक घरचं पत्र: कंधार, खाजा आणि नाक

जेकार्डवाला (सोलापूर)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहायलोय, कारण अडलंय.

बाळीवेशीतलं आमचं जुनं घर उतरवायला काढलंय. माळवदाचं आहे, दोन पावसाळे झाले गळतंय. आत्याची लोखंडी ट्रंक हलवताना तिच्या तळाला, जुन्या पंचांगांच्या खाली, एक चौघडी घातलेला कागद निघाला. मोडीत लिहिलेला. पाठीमागं दोन गोल ठसे. एकात 'शोलापूर' असं जुन्या इंग्रजी स्पेलिंगनं, दुसरा पुसट, त्यात एफ, पी, ओ एवढी तीन अक्षरं लागतात. कागदाची मधली घडी झिजून भोक पडलंय.

आत्या ८१ वर्षांची. ती म्हणायली, "सुभेदाराचा कागद आहे, टाकू नको." सुभेदार म्हणजे माझे खापरपणजोबा. इंग्रजांच्या पलटणीत होते, एवढं घरात सगळ्यांना माहीत. ज्यांना पत्र आहे ते माझे पणजोबा. ते जुन्या गिरणीत लागले होते, म्हणजे १८७७ ला ती निघाली त्याच्या आसपासच.

माझं काम टॉवेल-चादरीच्या नक्षीचं. ग्राफच्या कागदावर घरं भरायची आणि त्याबरहुकूम जेकार्डचे, म्हणजे नक्षीच्या मागाचे, पत्ते पाडायचे. आता सगळं कॉम्प्युटरवर आलं, पण डोळा तसाच राहिलाय. मोडीचं एक अक्षर येत नसताना मला एवढं दिसलं की शेवटच्या तीन ओळींत एकच आकार पाच वेळा आलाय. तो काय आहे, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा. ओळखीच्या एका काकांना थोडी मोडी येते. त्यांनी तासभर भिंग लावून तीन गोष्टी सांगितल्या: पत्र कंधारहून आलंय, बाप मुलाला 'दे खाजा' म्हणतोय, आणि कुणाचं तरी 'नाक' गेलंय. आता नांदेडजवळच्या कंधारला बसून सोलापुरातल्या पोराकडं खाजा कोण मागेल? आणि नाक कुणाचं? आमच्या घरात आठ दिवस झाले यावर हसायलेत.

फोटो खाली टाकलेत. कुणी नीट वाचून दिलं तर उपकार होतील.

गोदाकाठ

कंधार आमच्या जिल्ह्यातलं, म्हणून आधी मीच बोलतो. गाव लहान समजू नका. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचं, भुईकोट किल्ला आहे, खंदक आहे. निजामाच्या मुलखात होतं आणि जवळच हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जन्टची, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांखालच्या निजामाच्या फौजेची, छावणी होती. तुमचे सुभेदार कंटिन्जन्टमध्ये असतील तर कंधार अगदी बसतं. खाजाही आमच्याकडं लग्नात लागतोच. नाकाचं मात्र मला विचारू नका.

बोरूबहाद्दर

गोदाकाठ, तुमच्या गावाबद्दल आदर आहे, पण हे ते नव्हे.

जेकार्डवाले, पहिला फोटो मोठा करून बघा. मोडी लिहिताना आधी पानभर डोईची रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात. बोरू उचलायचा नाही, दोन शब्दांत जागा सोडायची नाही, पूर्णविराम नाही. त्यामुळं शब्द कुठं तोडायचा हे वाचणाऱ्यानं ठरवायचं, आणि सगळी गंमत तिथंच होते. तुमच्या काकांना अक्षरं बरीचशी बरोबर लागलीत. तोडणं चुकलंय.

'कंधार' नाही, 'कंदाहार' आहे. द, त्याचा काना, मग हा. तीन वेळा आलंय आणि तिन्ही वेळा 'हा' स्पष्ट आहे. म्हणजे अफगाणिस्तानातलं.

मथळा असा लागतो: 'शके १८०२ विक्रमनाम संवत्सरे भाद्रपद वद्य ५.' १८०२ मध्ये ७८ मिळवा, १८८० साल. भाद्रपद वद्य ५ म्हणजे त्या वर्षीच्या सप्टेंबरच्या २३ तारखेच्या आसपास. तिथी लक्षात ठेवा, पितृपक्ष चालू आहे. पुढं लागेल.

त्याखाली 'चिरंजीव', मग तुमच्या पणजोबांचं नाव (ते इथं लिहीत नाही), 'यास आशीर्वाद उपरी. येथील क्षेम वद्य ५ पावेतो यथास्थित असे.' ठरलेला मायना आहे, सगळेच बाप असाच लिहायचे.

अक्षर कारकुनी नाही. कारकुनाची डोईची रेघ सुतात असते, ही डावीकडून उजवीकडं चढत गेलीय आणि दर दोन शब्दांनी शाई दाट होते. मांडीवर कागद ठेवून स्वतः लिहिलंय असं माझं मत. पलटणींना शाळा असायच्या, शिपाई शिकलेले असायचे. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेतच मुख्याध्यापक होते.

बाकीचं रात्री. आणि हात जोडून सांगते, घडीला सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. एवढ्यानं कागद कायमचे मेलेले पाहिलेत मी.

निवृत्त_फौजी

१८८०, कंदाहार, बॉम्बे आर्मी, म्हणजे इंग्रजांची मुंबई इलाख्याची फौज. मग 'दे खाजा' मी सांगतो. तो देह ख्वाजा. गावाचं नाव आहे.

तेव्हा दुसरं इंग्रज-अफगाण युद्ध चालू होतं. घटनाक्रम असा. २७ जुलै १८८० ला मैवंदला अयूब खानानं इंग्रजांची ब्रिगेड उधळली. सुमारे अडीच हजार माणूस होता, त्यातला हजाराच्या आसपास तिथंच गेला. बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स या आपल्या दोन पलटणी त्यात होत्या. उरलेले कंदाहारात परतले आणि शहराला वेढा पडला. तटाच्या पूर्वेला, काबूल दरवाजाबाहेर जवळच देह ख्वाजा गाव. तिथून तटावर मारा व्हायचा. म्हणून १६ ऑगस्टला पहाटे गावावर चाल केली. गोरी सातवी फ्युजिलियर्स, आणि बॉम्बेची १९ वी नि २८ वी पलटण. गाव हाती लागलं नाही, माघार घ्यावी लागली. शंभरावर माणूस पडला. ब्रिगेडियर ब्रुक स्वतः एका जखमी कॅप्टनला बाहेर काढताना मारला गेला. पुढं ३१ ऑगस्टला रॉबर्ट्स काबूलहून फौज घेऊन पोचला आणि १ सप्टेंबरला लढाई होऊन अयूब खानाचा मोड झाला.

पत्रात पलटणीचा नंबर आहे का? १९ असेल तर पुढं १९०३ मध्ये तिचीच ११९ झाली. आणि पाठीमागचा एफ पी ओ म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिस. रणावरचा टपालखाना. तोच तुमचा पुरावा.

एक प्रश्न मात्र पडतो. ती लढाई होऊन तीन आठवडे झालेत आणि माणूस तेव्हा कुठं घरी लिहितोय. इतके दिवस का थांबला?

जेकार्डवाला

अंगावर काटा आला साहेब. नंबर बोरूबहाद्दर बाईंनी सांगावा, मला दोन उभ्या-आडव्या काड्या दिसतात फक्त.

सेलोटेप लावला नाही. आणलेला होता, खोटं कशाला बोलू.

बोरूबहाद्दर

नंबर १९. नऊ पुसट आहे, पण शेजारी अक्षरी 'एकुणीस' लिहिलंय.

आता मधला भाग. मूळ तसंच देते, फक्त शब्द तोडलेत:

'देहख्वाजाचे गावी पहाटचे सुमारास गेलो. घरे आपले माळवदासारखी, भिंती हातभर जाडीच्या. त्यांस भोके पाडोन आतून गोळी घालीत. भिंत दिसे, माणूस दिसेना.'

पुढं घडीचं भोक. त्यात एका नावाची पहिली अक्षरं गेलीत. उरलंय ते '...नाक जमादार माझे डावे हातास होता तो तेथेच राहिला.'

तर हे तुमच्या काकांचं नाक. कुणाचं कापलं-बिपलं नाही, नावाचा शेवट आहे. जमादार म्हणजे पलटणीत सुभेदाराच्या खालचा अधिकारी. महार शिपायांची नावं पलटणीच्या दप्तरात अशीच असत, नावाला 'नाक' जोडून. कोरेगावच्या स्तंभावर वाचलीच असतील.

आणि आता तुमचे पाच आकार. तो आकार 'णे' आहे. आज्ञेचा 'णे'. बाप सुभेदार, मुलाला पाच हुकूम सोडतो. क्रमानं घ्या:

'गिरणीत पट्ट्याजवळ धोतराचा सोगा सांभाळणे. मातोश्रीस लढाईचे न सांगणे. येथील डाळिंब लहान मुलाचे डोक्याएवढे होते ते सांगणे.' हे तीन.

मग: 'जमादारास पुत्रसंतान नाही. यंदा कागद पोचेतो पक्ष सरेल. पुढील सालापासून सर्वपित्रीस आपले ओळीत त्याचे पान वाढीत जाणे. खंड न करणे.' हे दोन.

खरं तर सहावाही आहे, 'बहुत काय लिहिणे'. तो घडीत दबलाय, म्हणून तुमच्या नजरेतून सुटला. शेवटी 'हे आशीर्वाद', संपलं.

फौजीसाहेब, तीन आठवडे का थांबला याचं उत्तर मला तिथीत दिसतं. पितृपक्ष लागला आणि पान वाढायला घरी कुणी नाही. तेव्हा त्यानं बोरू हातात घेतला असावा. अंदाज आहे, पत्रात तसं म्हटलेलं नाही.

निवृत्त_फौजी

पटतं. बॉम्बे आर्मीत कंपन्या जातवार नसायच्या, सगळे एका लायनीत. मराठा, महार, मुसलमान, बेने इस्राएल (कोकणातले ज्यू), परदेशी (उत्तर हिंदुस्थानी). डाव्या हाताला कोण उभा आहे हे सांगताना माणूस जात सांगत नाही, ज्याच्या भरवशावर उभा आहे त्याचं नाव सांगतो. बारा वर्षांनी, १८९२ मध्ये, याच महारांची भरती सरकारनं बंद केली. लढवय्ये नाहीत म्हणून. देह ख्वाजाला पडलेल्यांना आधी कळवायला हवं होतं.

पट्ट्याचं वाक्य पुन्हा वाचा. तेव्हा गिरणीत एका वाफेच्या इंजिनावर छताखालचा लांब दांडा फिरायचा आणि त्यावरून चामड्याचे पट्टे एकेका यंत्राला यायचे. धोतर अडकलं की माणूस वर. स्वतः गोळ्यांतून आलेला बाप पोराच्या सोग्याची काळजी करतोय.

गोदाकाठ

कंधार मागे घेतो. हिंगोलीही.

पण डाळिंबावरून बोलू द्या. कंदाहारी डाळिंबाचं कौतुक पत्रातून सोलापुरात आलं, आणि आज सोलापूर डाळिंबालाच भौगोलिक मानांकन आहे! सांगोल्याचं भगवा डाळिंब कंदाहारात पाठवा कुणीतरी.

जेकार्डवाला

डाळिंबावर हसलो, पण माझं चित्त दुसरीकडंच आहे.

आमच्याकडं सर्वपित्रीला एक पान जादा वाढतात. मी लहानपणापासून बघायलोय. आजोबांच्या वेळी होतं, वडिलांच्या वेळी होतं, आता माझी बायको वाढते. त्याला घरात 'बाहेरचं पान' म्हणतात. भात, वरण, वडे, खीर, गवारीची भाजी, सगळं इतर पानांसारखंच, पण उंबऱ्याबाहेर, ओट्याच्या कडेला. कुणासाठी विचारलं की आई म्हणायची, "असतंय एक." आत्यालाही माहीत नव्हतं. तिच्या वडिलांनी सांगितलं होतं एवढंच की, खंड करायचा नाही.

'खंड न करणे.' शब्दसुद्धा तोच, बघा.

काल रात्री वाचून दाखवलं आत्याला. ती बराच वेळ काही बोललीच नाही.

शंकासूर

मूड घालवतो म्हणून रागावू नका. सर्वपित्रीला जादा पान कितीतरी घरांत वाढतात. ज्यांची तिथी माहीत नाही, ज्यांचं कुणी उरलं नाही, त्यांच्यासाठी. आमच्या बार्शीतही एक घास बाहेर ठेवतात. महालयात मित्र, गुरू, आप्त सगळ्यांची नावं घेतातच. त्यामुळं तुमचं बाहेरचं पान आणि हे पत्र यांची गाठ १४० वर्षांनंतर इतक्या सहज मारू नये. लिंकनचं म्हणून एक पत्र आपल्या निम्म्या शाळांच्या भिंतींवर लागलंय, त्याचं मूळ आजवर सापडलेलं नाही. गोड गोष्ट दिसली की आपण पुरावा विचारत नाही.

तुमच्या पत्राचं मूळ आहे, हे मान्य. पण पणजोबांनी सांगितलेलं केलं, याचा कागद कुठाय?

बोरूबहाद्दर

शंका रास्त आहे. आणि एक गोष्ट तुमच्या बाजूनं मीच देते. पत्रात 'आपले ओळीत' आहे. ओळीत, म्हणजे आत, घरच्या पितरांच्या रांगेत. यांचं पान बाहेर आहे. म्हणजे एक तर ते पान वेगळं, दुसऱ्याच रिवाजातलं. नाही तर...

जेकार्डवाला

नाही तर वाढलं, पण ओळीत नाही वाढलं. बोला की बाई, मी रागावणार नाही. मला हे काल रात्रीच लक्षात आलं होतं, लिहायला जीव होत नव्हता.

शंकासूर, कागद नाही माझ्याकडं, बरोबर आहे तुमचं. पण मी एवढं ताडून पाहिलं. शेजारी भावकीची तीन घरं आहेत, मूळ पुरुष सुभेदारांचा भाऊ. तिन्ही घरांत फोन करून विचारलं. कावळ्याचा घास सगळे ठेवतात. अख्खं पान उंबऱ्याबाहेर कुणीच वाढत नाही. फक्त आमच्याकडं आहे. याला पुरावा म्हणा, नका म्हणू.

मला वाटतं ते सांगतो. पणजोबा तेव्हा अठरा-एकोणीसचे. बाप कंदाहारात. घरात आजी, चुलते, भावकी, भटजी. १८८१ सालच्या बाळीवेशीत पोरानं म्हणायचं की महार जमादाराचं पान आपल्या आजा-पणज्याच्या शेजारी वाढा. कोण वाढू देतंय? मग तडजोड झाली असणार. बापाचा शब्दही मोडला नाही आणि उंबराही ओलांडला नाही. पुढं कारण विसरलं, उंबरा तेवढा राहिला. १४० वर्षं आम्ही त्या माणसाला जेवायला बोलवायलोय आणि बाहेर बसवायलोय.

सुभेदार परत आले की नाही, हेही लोक विचारतील. आले. फौजेनं १८८१ च्या एप्रिलमध्ये कंदाहार सोडलं, आणि आत्या सांगते की ते म्हातारपणी लष्करातल्या मित्रांकडं रोज संध्याकाळी जात. सदर बझारच्या अलीकडचं आमचं 'लष्कर' हो, नकाशावर आहे अजून. मग घरी बसून त्यांनी ते पान बाहेर वाढलेलं बघितलंच असणार दरवर्षी. काही बोलले असतील का? यावर मी फार विचार करायलोय आणि त्याला काही अर्थ नाही, हेही कळतंय.

निवृत्त_फौजी

अर्थ आहे. पण सोडा.

कागदाचं काय करताय? पुण्यात पुराभिलेखागार आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. नीट स्कॅन करून एक प्रत द्या. नाव फाटलंय ते कदाचित पलटणीच्या पडलेल्यांच्या यादीवरून लागेल. १९ वी, जमादार, १६ ऑगस्ट. शोधायला एवढं पुष्कळ आहे.

बोरूबहाद्दर

आणि ट्रंकेत नेप्थलीनच्या गोळ्या टाकू नका. बिनआम्लाचा कागद मिळतो, त्यात सपाट ठेवा. घडी पुन्हा घालू नका, त्या भोकातून आणखी दोन अक्षरं जातील.

जेकार्डवाला

स्कॅन झालं. घडी उघडून दोन कोऱ्या ग्राफच्या कागदांत ठेवलंय सध्या, बिनआम्लाचा मिळेपर्यंत. पुण्याला पुढच्या महिन्यात जाईन, टॉवेलचा माल घेऊन जायचाच आहे.

आत्यानं आज सकाळी चहा घेता घेता विषय काढला. म्हणायली, यंदा घर पाडलेलं असेल, सर्वपित्री भाड्याच्या फ्लॅटमध्येच करावी लागेल, तिथं ओटा नाही, उंबरा नावाला एक फरशीची पट्टी आहे. तेव्हा पान आतच येईल. तिला फक्त एवढं विचारायचंय की ओळीत म्हणजे नेमकं कुठं, सुभेदारांच्या शेजारी की शेवटी? पत्रात तसं काही लिहिलंय का, बोरूबहाद्दर बाई, एकदा बघाल का.

बोरूबहाद्दर

पुन्हा भिंग लावून पाहिलं. 'आपले ओळीत' एवढंच आहे.

पण आधीच्या वाक्यात डावा हात लिहिलाय त्यांनी.